उलट्या रेघेच्या चार खुर्च्या

या मायबापहो, जरा पुढे सरका. दाराशी उभे आहात त्यांनीही आत या, जागा पुष्कळ आहे, आणि ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. आज मी तुम्हाला चार खुर्च्यांची गोष्ट सांगणार आहे. सिंहासनांच्या गोष्टी तुम्ही खूप ऐकल्या असतील. या खुर्च्या साध्या, वेताच्या. त्यांच्यावर बसून कुणी राज्य केलं नाही. पण एका मुलीने दप्तर खाली ठेवायचं की नाही, ते त्या चार खुर्च्यांवरून ठरलं. देव काही दर वेळी मेघगर्जना करून बोलत नाही. कधीकधी तो वेताच्या पट्टीतूनही बोलतो, फक्त आपण कान दिला पाहिजे.

आणि कान देण्यात तर या घराचा हात कुणी धरला नसता. तीन पिढ्या खुर्च्या विणणारं घर ते. बैठक विणून झाली की बोटाचं पेर तिच्यावर वाजवायचं, डोळे मिटून ऐकायचं. वीण ताणलेली असली की चामडं चढवलेल्या वाद्यासारखा भरीव नाद येतो, सैल असली की नुसता फद्द आवाज. आजोबांनी सगळं आयुष्य असंच तपासलं, त्यांच्या थोरल्या मुलानेही तसंच. डोळ्यांवर या घराचा विश्वास कमीच. तिथेच सगळं फसलं, पण ते पुढे येईल.

हा थोरला एके दिवशी शिडीवरून पडला. कमरेला असा मार बसला होता की डॉक्टरांनी त्याला पाठीवर सरळ निजवून ठेवलं होतं, कूस बदलायचीसुद्धा परवानगी नव्हती. त्याने आपला पलंग पुढच्या खोलीत, कामाच्या जागीच टाकून घेतला. वेत भिजवायची बादली, सुतळीच्या गुंडाळ्या, वेताची टोकं कडेला पक्की करायच्या लाकडी पाचरी नजरेसमोर असल्या की निदान माणूस असल्यासारखं वाटतं, म्हणाला.

मुंगी ही त्याची लेक. रांगत होती तेव्हापासून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत न्यायची, म्हणून आत्याने ते नाव ठेवलं. आता चौदावं लागलं होतं. बाप निजला आणि घरात येणारे पैसे आटले, तेव्हा तिने आणि तिच्या चुलतभावाने आपापल्या परीने हातपाय मारले. चुलतभावाला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. रेडिओने गल्लीतल्या सायकली धुतल्या. गावाला गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं. एका आजीबाईंचा कुत्रा फिरवायला घेतला, पण चार दिवसांत सगळी गल्ली म्हणायला लागली की कुत्राच याला फिरवतोय. मुंगीने शेजारच्या लहान मुलांना पाढे शिकवायला सुरुवात केली. मुलं यायची, पाढे विसरायची आणि डब्यातली बिस्किटं मात्र न विसरता संपवून जायची. हसू नका. त्या पैशांतून बापाच्या गोळ्या येत होत्या. मात्र घर त्यातून चालत नव्हतं.

आणि मग वाचनालयातल्या सभागृहाच्या बाईंकडून चार खुर्च्या आल्या. सभागृहाची सगळी देखरेख या बाईंकडे, बोलणं मोजकं, चष्मा कपाळावर. या चार नमुन्यादाखल विणून द्या, पसंत पडल्या तर सभागृहातल्या एकेक करत सगळ्या तुमच्याकडे पाठवीन, असा त्यांचा निरोप होता. सभागृह मोठं. तेवढं काम म्हणजे थोरला उठून उभा राहीपर्यंतची सोय. बापाने पलंगावर पडल्यापडल्या छातीवर एक छोटी चौकट दोन हातांत धरून वीण दाखवायची, आणि मुंगीने पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची घेऊन तसं करत जायचं, असं दोघांनी ठरवलं. शाळेतून आली की ती पाण्यात बोटं बुडवायची ते दिवे लागेपर्यंत. दोन पट्ट्यांवरून, दोन पट्ट्यांखालून, पुढच्या ओळीत तेच एक पट्टी सरकून. अशी वीण भरत गेली की बैठकीवर एक तिरपी रेघ चढत जाते, जिन्यासारखी. चारही खुर्च्या तयार झाल्यावर रेडिओने त्या एकेक करून पलंगाशी आणल्या, थोरल्याने डोळे मिटून पेर वाजवलं, चार वेळा तोच भरीव नाद आला.

पण सभागृहात पोचवलेल्या त्या चारही खुर्च्या एका सुट्टीच्या दिवशी दुपारी हातगाडीवरून परत आल्या.

हातगाडी ढकलत रेडिओच आला. दारात पोचेपर्यंत त्याचं सगळं सांगून झालं होतं. वीण घट्ट आहे असं बाई स्वतःच म्हणाल्या. पण खुर्च्या रांगेत लावल्या तेव्हा उलट्या निघाल्या. "सगळ्या रांगेच्या रेघा इकडून तिकडे चढतात आणि आपल्या तिकडून इकडे," तो म्हणाला. "बाकीच्या माना डोलावून हो म्हणतायत असं वाटतं, आणि मधेच आपल्या चौघी नाही म्हणतायत." बाई उजेड आहे तोवर स्वतः येणार होत्या. दुसरीकडे तयार जाळी ठोकून देणारा एक कारागीर त्यांना भेटला होता, आणि रेघ सरळ विणून मिळेल का याचं उत्तर त्याच दिवशी मिळालं नाही तर त्या काम त्याला देणार होत्या.

थोरल्याने एक खुर्ची आपल्याला दिसेल अशी वर धरायला सांगितली. रेडिओने धरली. थोरल्याने पहिल्यांदा तिच्याकडे डोळे उघडून पाहिलं. मग डोळे मिटले, पण या वेळी ऐकायला नाही.

नेमके त्याच वेळी काका आणि आत्या येऊन पोचले. काका म्हणजे थोरल्याचा धाकटा भाऊ, रेडिओचा बाप, शहराबाहेरच्या माल भरायच्या गोदामात मुकादम. उंच, रुंद, दारातून येताना मान वाकवायची सवय. आत्या दोघांच्या मधली बहीण, शिवणकामाचा वर्ग चालवणारी. येताना गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती. दोघं काही सहज आले नव्हते. काकाने येण्याआधीच बहिणीला आपल्या बाजूने वळवून घेतलं होतं, हे मुंगीच्या आईला त्यांच्या शेजारीशेजारी बसण्यावरूनच कळलं.

आई चहाचं आधण ठेवायला आत गेली खरी, पण तिचे कान बाहेर होते. दीर चढ्या आवाजात बोलत नव्हता, हेच तिला जास्त झोंबत होतं. तो अगदी समजुतीने सांगत होता. गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि भरायच्या कामावर एक जागा रिकामी झाली आहे. सोमवारपासून मुंगीला चिकटवून टाकतो. वय तिथे कुणी विचारत नाही, आणि मी आहेच की. शाळा काय पळून जात नाही. दादा उभा राहिला की परत जाईल. आत्याने दुजोरा दिला, पोरीच्या बोटांची चाळण झालीय, तिकडे निदान पाण्यात हात तरी घालावे लागणार नाहीत. आईने आधणाकडे पाहिलं. परत जाईल, हे शब्द तिने कपात चहा ओततानाही मनातल्या मनात म्हणून पाहिले, आणि तिला ते खरे वाटेनात. एकदा खाली ठेवलेलं दप्तर कुणाच्या घरी परत उचललं गेलं होतं?

"मी नाही जाणार," मुंगी म्हणाली.

कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ती खाली बसून एका खुर्चीच्या कडेची पाचर काढत होती. वीण सोडवायला तिने सुरुवातही केली होती.

"चार परत आल्या ना?" काका म्हणाला. "पलंगावरून शिकवलेलं काम असंच होणार. दादा, तुझी चूक नाही. तिचीही नाही."

"परत आल्या तर परत विणीन. वेत माझ्याकडून फुकट गेला, तो मी पाढे शिकवून भरून काढीन. पण गोदामात नाही जाणार काका. तिथे शिकण्यासारखं काय आहे?"

काकाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं.

आता मायबापहो, याच्यावर रागावू नका. हा माणूस दगड नव्हता. त्याच्या आत काय झालं ते मी सांगतो. त्याला समोरची पुतणी दिसेनाशी झाली, आणि याच खोलीत, याच बादलीशी उकिडवा बसलेला दुसराच कुणीतरी दिसायला लागला. आजोबांची छाती बिघडली होती तेव्हाची गोष्ट. घरात खाणारी तोंडं पाच आणि वेताचं काम एकाला पुरेल एवढंच. आजोबांनी दोन्ही मुलांचे हात हातात घेऊन पाहिले होते, बैल घेताना पाहतात तसे. थोरल्याची बोटं लांब निघाली, तो विणायला बसला. धाकट्याची आखूड आणि मजबूत, तो गोदामात गेला.

"तेराव्या वर्षी मी दप्तर खाली ठेवलं आणि खोकी उचलली," काका म्हणाला. आवाज तसाच, समजुतीचा. "मला कुणी विचारलं होतं का, दादा?"

थोरला वर छताकडे पाहत राहिला. पलंगावर निजलेल्या माणसाला मान खाली घालायचीसुद्धा सोय नसते.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "मीही नाही विचारलं. मी बोटं लांब निघाली म्हणून खूश होतो."

चहा घेऊन बाहेर आलेली आई दारातच थांबली. रेडिओसुद्धा गप्प झाला, आणि तो गप्प झाला की घरात कुणीतरी दिवा मालवल्यासारखं वाटायचं. आपल्या बापाने कधी दप्तर नेलं असेल हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो हळूच उठला आणि मुंगीच्या शेजारी जाऊन दुसऱ्या खुर्चीची पाचर काढू लागला. बापाने ते पाहिलं, पण त्याला अडवलं नाही.

आत्याला शांतता सोसायची नाही. तिने गळ्यातली मोजपट्टी काढून बोटांभोवती गुंडाळली आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मुंगीला विचारलं, की बाई गं, तू शिकताना नेमकी बसायचीस तरी कुठे. मुंगीने पलंगाच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. आणि बाबा चौकट कशी धरायचा? थोरल्याने उशाशी ठेवलेली चौकट छातीवर धरून दाखवली. आत्या उठली, पायथ्याशी जाऊन मुंगीच्या जागी उकिडवी बसली, आणि तिथून चौकटीकडे पाहत राहिली.

मग ती हसायला लागली. भरल्या घरात, परत आलेल्या चार खुर्च्यांसमोर, तोंडावर पदर धरून.

"अरे दादा, हिला तू सगळा वेळ चौकटीची पाठ दाखवलीस की," ती म्हणाली. "माझ्या वर्गात नवी पोरगी आली की मी तिला समोर बसवतच नाही. समोर बसवली की हमखास डावी बाही उजवीकडे लावते. शिकणाऱ्याला शेजारी बसवायचं असतं. तू समोर बसवून शिकवलंस, हिने दिसलं तसं बरोब्बर केलं. चुकली ती नाही, चुकली ती जागा."

मुंगीने हातातली पाचर खाली ठेवली. बापाकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, आणि कुणाला काही न विचारता पलंगावर चढली. बापाच्या कमरेला धक्का लागणार नाही अशी, भिंतीकडच्या हातभर जागेत, ती त्याच्या शेजारी पाठीवर निजली. आता दोघांची तोंडं छताकडे होती. दोघांना एकच चौकट एकाच बाजूने दिसत होती.

"रेघ तिकडे चालली," ती पुटपुटली. "बाबा, ही तर तिकडे चाललीये."

"पहिल्यापासून तिकडेच चालते बाळा."

वीण सोडवून मोकळी केलेली खुर्ची दोघांच्या वर उलटी धरली तर इथेच, असंच विणून दाखवते, असं तिचं म्हणणं. बाई यायच्या आत निदान एक तरी. बापाचे हात हातांवर असले की पुरे. काकाने नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधी आई बोलली. या घरात सून होऊन आल्यापासून दिरासमोर तिने कधी दोन वाक्यं सलग म्हटली नव्हती.

"भाऊजी, गोदामातली ती जागा रिकामी आहे ना? मग मी येते. सोमवारपासून."

काकाने आधी ते थट्टेवारी नेलं. मग म्हणाला की वहिनी, खोकी जड असतात.

"मुंगीला हलकी लागणार होती का?"

आत्याने उठून आईच्या हातातला ट्रे घेतला आणि जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. खोलीतली माणसं तेवढीच होती, पण आता काकाच्या बाजूला कुणी उरलं नव्हतं. आई सांगत राहिली, की सकाळपाळी असेल तर बरं, दुपारी मी घरी असेन. मुंगी शाळेतून आली की विणेल, आधी अभ्यास, मग वेत, आणि दिवा लागला की हात धुवायचे. आम्ही दोघी मिळून हे घर ओढू. पण तिची शाळा सुटणार नाही. आणि या घरात आता कुणाच्या बोटांची लांबी पाहून काही ठरणार नाही.

रेडिओने खुर्ची उचलली होती, पण पलंगावर निजलेल्यांच्या वर ती उलटी धरायची म्हणजे त्याचे हात लगेच थरथरायला लागले. खुर्ची एकदा थोरल्याच्या नाकापर्यंत आली.

"काका," मुंगी पलंगावरून म्हणाली, "तुम्ही धरता का? एवढी उंची दुसऱ्या कुणालाच नाही."

मायबापहो, मी पुष्कळ ऐकलंय, पुष्कळ पाहिलंय. माणूस बदलतो म्हणतात तो प्रवचन ऐकून बदलताना मला फारसा दिसला नाही. पण कुणीतरी त्याला काम दिलं आणि ते त्याच्याच अंगाचं निघालं, की त्याच्या आत काहीतरी हलतं. काका उठला. बाह्या वर सारल्या. त्याने खुर्चीचे दोन पाय दोन मुठींत धरले आणि खोकी धरायच्या सवयीने ती हवेत अशी रोवून ठेवली की जणू छतालाच टांगली आहे.

विणायला सुरुवात झाली. आत्या भिजलेल्या पट्ट्या पुसून देत होती, रेडिओ पाचरी ठोकत होता. बापाचा हात मुंगीच्या हातावर, मग नुसता मनगटावर, मग तोही निघाला. वेताचं पाणी दोघांच्या तोंडावर ठिबकत होतं. मुंगी डोळे मिचकावत दोन पट्ट्यांवरून, दोन पट्ट्यांखालून जात होती. ओळ चुकली की स्वतःच सोडवायची, कुणी सांगायच्या आधी.

"मला तर अजून उलटीच दिसतेय," बऱ्याच वेळाने वरून काका म्हणाला.

"तू पाठीकडून बघतोयस," थोरला म्हणाला. मग म्हणाला, "हात भरून आले असतील. ठेव खाली थोडा वेळ."

"होऊ दे एवढी ओळ."

एवढी ओळ झाली, आणि पुढची झाली, आणि त्याच्या पुढची. काकाने खुर्ची खाली ठेवली ती शेवटची पाचर बसल्यावरच. त्याचे दंड थरथरत होते. ते लपवायला तो वाकला, आणि सगळ्यांच्या आधी त्याच्याच बोटाचं पेर बैठकीवर वाजलं. भरीव, नेटका नाद. डोळे त्याने मिटले होते.

"विसरला नाहीस," थोरला म्हणाला.

"शिकलोच कुठे, विसरायला," काका म्हणाला. पण त्याने ते समजुतीच्या आवाजात म्हटलं नाही. ते त्याच्या स्वतःच्या आवाजात होतं. बऱ्याच वर्षांनी तो आवाज त्या खोलीत ऐकू आला.

बाई आल्या तेव्हा खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं होतं. पलंगावर निजलेली मुलगी, तिच्या गालावर वेताचं पाणी, आणि मधोमध धापा टाकणारा धिप्पाड माणूस पाहून त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. खुर्ची उजेडात नेली. पेर वाजवलं नाही, ती त्यांची रीत नव्हती. त्यांनी फक्त रेघेवरून बोट फिरवलं, खालून वर, डावीकडून उजवीकडे.

विणलं कुणी, त्यांनी विचारलं. मुंगी उठून बसली. बाईंनी तिची बोटं पाहिली, मग तिच्या आईकडे पाहून शाळेचं विचारलं. आईने सांगितलं, आधी शाळा. बाई म्हणाल्या की मग एकदम खुर्च्या पाठवत नाही. दर आठवड्याला जेवढ्या होतील तेवढ्या. सभागृह थांबेल, ते काही वाढत्या वयाचं नाही. उरलेल्या तीनही सरळ विणून द्या, पण वाया गेलेल्या वेताचे पैसे मी देणार नाही. मुंगी म्हणाली, ते मी मागणारच नव्हते.

सोमवारी सकाळी आई गोदामात गेली. तिचा डबा काकाने धरला होता. मुंगी शाळेत गेली. दुपारी थोरला पलंगावर एकटा पडून बादलीतल्या वेताचा वास घेत तिची वाट पाहत राहिला. पुढे त्या खुर्च्यांचं काय झालं आणि थोरला कधी उठला, ते सगळं रीतसर झालं. ते सांगायला देवाने आणखी दिवस दिले आहेतच.

आता उठण्याआधी एवढं एक ऐका. तुमच्यापैकी बरेच जण मुंगीला लक्षात ठेवतील. ठेवा, तिने ते कमावलं आहे. पण त्या सभागृहासारख्या एखाद्या ठिकाणी कधी वेताच्या खुर्चीवर बसलात, तर पाठ टेकण्याआधी त्या दुसऱ्या मुलाचीही आठवण काढा. तेरा वर्षांचा, आखूड बोटांचा, बादलीशी बसलेला, ज्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्यासाठी कुणी खुर्ची धरून उभं राहिलं नाही. आणि वेळ आली तेव्हा त्यानेच धरली, हात भरून आले तरी, शेवटच्या ओळीपर्यंत. देवाचं नाव घेताना त्याचंही नाव घ्या. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. त्याला पोचेल.